कुलपाआड राहिलेलें पिल्लूं

गेल्या वर्षींच्या उन्हाळ्याच्या सुटींत आमच्या घरीं कुत्र्याचें एक पिल्लूं आलें. आमच्या इमारतीच्या रखवालदाराच्या खोलीमागें एका गांवठी कुत्रीस चार पिल्लें झालीं होतीं. त्यांपैकीं तपकिरी रंगाच्या, एक कान उभा व एक कान पडलेला अशा एका पिल्लावर आमच्या मुलांची दृष्टि गेली आणि मग पंधरा दिवस घरांत दुसरा विषय निघेना. पिल्लूं ८ आठवड्यांचें झाल्यावर आम्हीं होकार दिला. त्याचें नांव मोती ठेविलें. हें नांव शेजारच्या आजींनीं सुचविलें. मुलांनीं सुचविलेलीं नांवें येथें छापण्यासारखीं नाहींत. सुटी चालू असल्यामुळें मुलें दिवसभर घरींच असत. मोती त्यांच्या पायांत घुटमळे, मांडीवर झोपे, आणि रात्रीं कोणाच्या तरी पांघरुणांत सांपडे. तीन आठवड्यांत तो एक क्षणभरहि एकटा राहिला नाहीं, आणि यांत कांहीं चुकत आहे असें आमच्यापैकीं कोणाच्याहि मनांत आलें नाहीं.

जूनच्या मध्यास शाळा उघडल्या. आम्ही राहतों डोंबिवलीस. आमची नोकरी मुंबईस, मंडळींची ठाण्यास. सकाळीं पावणेआठास आम्ही निघालों, अर्ध्या तासानें मंडळी व त्यांच्या पाठोपाठ दोन्ही मुलें बाहेर पडलीं. मुलें शाळेंतून परभारें शिकवणीस जातात. त्यामुळें दाराचें कुलूप निघावयाचें तें सायंकाळीं साडेपांचास. स्वयंपाकघरालगतच्या लहानशा गॅलरींत आम्हीं गोणपाट अंथरलें होतें, वाटीभर दूध व कुसकरलेली पोळी ठेविली होती, एक चेंडूहि ठेविला होता, आणि दाराची कडी लाविली होती. इतकी व्यवस्था केल्यावर आम्ही निश्चिंत मनानें गाडींत बसलों, हें आज लिहितांना लाज वाटते.

सायंकाळीं दार उघडलें तेव्हां दुधाची वाटी उपडी पडली होती, गोणपाटाच्या चिंध्या झाल्या होत्या, सर्वत्र घाण होती आणि दाराच्या खालच्या फळीवर ओरखड्यांमध्यें रक्ताचे डाग होते. पुढच्या पायांचीं दोन नखें सोलवटून निघालीं होतीं. मंडळींस पाहतांच मोतीनें भुंकण्यासाठीं तोंड उघडलें, पण आवाज निघेना. दिवसभर ओरडून त्याचा घसा बसला होता. रात्रीं आम्ही जिना चढत असतां शेजारच्या आजी दारांतच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "सकाळीं नऊपासून रडत होतं. बाराला थांबलं, मला वाटलं झोपलं असेल. तर दोनपासून पुन्हा सुरू. अहो, तें तान्हं लेंकरूं! त्याला कुलूप लावून तुम्ही गेलांत तरी कसे?"

आमच्याजवळ उत्तर नव्हतें. त्याच रात्रीं मोतीस घेऊन पशुवैद्यांकडे गेलों. त्यांनीं जखमा धुतल्या, औषध लाविलें आणि विचारलें, "किती तास?" आम्हीं सांगितलें, "नऊ." "वय?" "अकरा आठवडे." ते रागावले नाहींत, त्यांनीं एक कागद घेतला आणि तेवढ्या वयाच्या पिल्लाचा दिवस कसा असतो तो त्यावर तासवारीनें मांडून दाखविला. त्या कागदावर जें होतें, आणि त्यानंतर वाचून व अनुभवून आम्हीं जें जाणून घेतलें, तें ज्यांच्या घरीं असा बाल पाहुणा यावयाचा आहे त्यांच्यासाठीं येथें देत आहों.

पहिली गोष्ट मूत्राशयाची. मोठें निरोगी कुत्रें दिवसा सहा ते आठ तास लघवी आवरूं शकतें; पिल्लाच्या स्नायूंस ती शक्तिच आलेली नसते. या विषयांतील जाणते लोक एक ढोबळ हिशेब सांगतात: पिल्लूं जितक्या महिन्यांचें असेल त्यांत एक मिळवावा, आणि येईल तितके तास ही कमाल मर्यादा समजावी. म्हणजे २ महिन्यांच्या पिल्लास ३ तास, ३ महिन्यांच्या पिल्लास ४ तास. ही मर्यादा आहे, सोय नव्हे. नुकतेंच खेळलेलें वा पाणी प्यालेलें पिल्लूं तासाभरांतच जागा शोधूं लागतें. आणखी एक बाब आम्हांस ठाऊक नव्हती. आपली निजण्याची जागा घाण करूं नये ही बुद्धि पिल्लास उपजत असते, आणि त्या बुद्धीच्या आधारानेंच त्यास पुढें शौचाची शिस्त लावतां येते. अतिशय वेळ कोंडल्यानें नाइलाजास्तव निजण्याच्या जागींच घाण करावी लागली, कीं ती उपजत बुद्धि बोथट होते. म्हणजे ज्या घाणीबद्दल आपण पिल्लास दोष देतों, ती त्यास शिकविणारे आपणच असतों.

दुसरी गोष्ट पोटाची. तीन-चार महिन्यांपर्यंत पिल्लास दिवसांतून चार वेळां थोडें थोडें खावयास लागतें, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळां, त्यानंतर दोन वेळां चालतें. सकाळीं एकदांच भरपूर वाढून ठेविलें तर पिल्लूं एक तर सर्व एका दमांत खाऊन पोट बिघडवितें, नाहीं तर अन्न उन्हाळ्यांत आंबून जातें. फार लहान जातीच्या पिल्लांत दीर्घ उपवासानें रक्तांतील साखर उतरते. तीं थरथरूं लागतात व प्रसंगीं बेशुद्धहि पडतात. गाईम्हशींचें दूध पुष्कळ पिल्लांस पचत नाहीं व त्यांस ढाळ लागतात, हेंहि आम्हांस त्याच दिवशीं कळलें.

या दोन गोष्टी ऐकून आमचा धीर सुटत असतां तिसरीनें थोडा दिलासा दिला. लहान पिल्लूं दिवसाचा बहुतेक भाग झोपेंतच घालवितें. खाऊन, बाहेर जाऊन व थोडें खेळून तें निजलें, आणि त्यास भीति वाटत नसली, तर दोन-अडीच तासांचा एकांत त्यास जाणवतहि नाहीं. सारा प्रश्न त्या भीतीचा आहे.

आमच्या लहानपणीं हा प्रश्न कोणास पडल्याचें आठवत नाहीं. कोंकणांतील आमच्या घरीं कुत्रें अंगणांत जन्मे, आईपाशीं व भावंडांपाशीं वाढे, आणि ओसरीवर येऊन बसे. घरास दिवसा कुलूप म्हणून नसेच. कोणी ना कोणी भात निवडीत, सुपारी कातरीत, नाहीं तर नुसतें बोलत बसलेलें असे. चाळींतहि तसेंच. कुत्रें घराची राखण करी, घर कुत्र्यास कोंडीत नसे. आतां चौघांचें कुटुंब तिसऱ्या मजल्यावर राहतें आणि चौघेंहि दिवसा बाहेर असतात. आपल्या मेलेल्या भावांमागून एकटा उरलेला युधिष्ठिर कुत्र्यावांचून स्वर्गांत पाऊल टाकावयास तयार झाला नाहीं, ही महाभारतांतील कथा आम्ही मुलांस मोठ्या प्रेमानें सांगतों, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं कुत्र्यास कडी घालून आठची गाडी गांठतों.

पिल्लास एकटेपणाचें इतकें भय कां वाटावें? कुत्र्याचा पूर्वज लांडगा हा कळपांत राहणारा प्राणी. कळपापासून चुकलेलें बाळ ओरडलें तरच वांचावयाचें. म्हणून ओरडणें हा त्याचा हट्ट नव्हे, ती त्याची एकमेव विद्या आहे. अमेरिकेंतील बार हार्बर येथें जॉन पॉल स्कॉट व जॉन फुलर या शास्त्रज्ञांनीं पांच जातींच्या कुत्र्यांवर अनेक वर्षें निरीक्षणें करून १९६५ मध्यें एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. पिल्लाचा जीव ज्यांच्यावर जडावयाचा तो बहुतांशीं वयाच्या तिसऱ्या ते बाराव्या आठवड्याच्या दरम्यान जडतो, असें त्यांस आढळलें. अनोळखी जागीं एकट्या ठेविलेल्या पिल्लाचा आक्रोश ओळखीच्या जागेपेक्षां पुष्कळच अधिक असतो, हेंहि तेथील प्रयोगांत दिसून आलें. आम्ही मोतीस कुलूप लाविलें तें नेमकें अकराव्या आठवड्यांत, आणि तेंहि ज्या गॅलरींत त्यानें पूर्वीं एक रात्रहि काढिली नव्हती तेथें.

परंतु निसर्ग पिल्लास एकटें राहावयास शिकवीत नाहीं असें नव्हे. पिल्लें तीन-चार आठवड्यांचीं होऊन त्यांस दांत येऊं लागले, कीं कुत्री त्यांजपासून थोडी थोडी दूर राहूं लागते. प्रथम कांहीं क्षण, मग बराच वेळ. पण ती परत येते. तिचें दूर जाणें हळूहळू वाढत असतें, म्हणून पिल्लांचा धीरहि हळूहळू वाढतो. आम्हीं याच्या अगदीं उलट केलें: तीन आठवडे क्षणभरहि सोडिलें नाहीं आणि नंतर एकदम नऊ तास सोडिलें. २०२० सालीं टाळेबंदींत पुष्कळ घरीं पिल्लें आलीं. घरांतील सर्व माणसें अहोरात्र जवळ, असेंच जग त्यांनीं पाहिलें होतें. पुढें कचेऱ्या व शाळा सुरू झाल्यावर त्यांपैकीं कित्येकांची अशीच दशा झाली.

म्हणून मोतीस आम्हीं पुन्हां मुळाक्षरांपासून शिकविलें. मंडळींनीं चार दिवसांची व आम्हीं तीन दिवसांची रजा काढली. आरंभ घरांतल्या घरांत केला. बैठकीच्या खोलीचा एक कोपरा लाकडी आडोसा लावून त्याचा म्हणून ठरविला, तेथें त्याचें अंथरूण टाकलें, आणि तेथेंच त्यास खावयास देऊं लागलों. तो खाण्यांत गुंतला असतां उठून स्वयंपाकघरांत जावयाचें व तो मान वर करण्यापूर्वींच परत यावयाचें, इतकाच पहिला धडा. दहा सेकंद, मग अर्धें मिनिट, मग दोन मिनिटें. दुसऱ्या दिवशीं मधलें दार लोटूं लागलों. तिसऱ्या दिवशीं बाहेरच्या दारास हात लाविला आणि सारें शिक्षण वाया गेलें असें वाटलें. कारण किल्ल्यांचा आवाज होतांच मोती अंथरुणांतून उडी मारून आडोशावर आदळला. किल्ल्या वाजल्या म्हणजे सर्व जातात, हें त्या एका दिवसांत तो पक्कें शिकला होता.

यावर उपाय आमच्या धाकट्या मुलीनें काढला. ती दिवसभर किल्ल्या खिशांत घालून फिरली. पाणी पितांना वाजवी, अभ्यास करितांना वाजवी, आणि जाई कोठेंच नाहीं. चपला घालून ती पलंगावर बसली, तेव्हां आजींची बोलणींहि तिला खावीं लागलीं. दोन दिवसांत किल्ल्यांच्या आवाजास मोती कान हालविण्यापलीकडे किंमत देईनासा झाला. मग दाराबाहेर एक मिनिट, पांच मिनिटें, खालीं जाऊन भाजी आणण्याइतका वेळ, असें वाढवीत गेलों. निघतांना लाड नाहींत, निरोप नाहीं. परतल्यावरहि तो शांत होईपर्यंत गाजावाजा नाहीं. मुलांस हें फार जड गेलें.

"रडूं द्या, दोन दिवसांत आपोआप गप्प बसेल," असें आम्हांस अनेक अनुभवी गृहस्थांनीं सांगितलें. आमचें मत तसें नाहीं. घाबरलेलें पिल्लूं थकून गप्प बसतें तें धीट झालें म्हणून नव्हे. दुसऱ्या दिवशीं त्याची भीति लवकर सुरू होते, एवढाच फरक. आम्हीं एक जुना मोबाईल चित्रीकरणास लावून ठेवीत असूं. मोती कण्हूं लागलेला दिसला, कीं दुसऱ्या खेपेस वेळ कमी करावयाचा, हाच नियम पाळला. कधीं पंधरा मिनिटांवरून पुन्हां चार मिनिटांवर यावें लागलें. या चित्रणांतच आम्हांस असें दिसलें, कीं पहिलीं दहा-पंधरा मिनिटें निभावलीं तर तो जांभई देऊन आडवा होतो. त्या वेळासाठीं पोकळ रबरी खेळण्यांत शिजविलेला लाल भोपळा व थोडें दही भरून तें थंड करून देऊं लागलों. तें चाटण्यांत वेळ जातो व झोपहि येते. दोन तासांचा पल्ला गांठावयास आम्हांस तीन आठवडे लागले. त्या काळांत तो घरीं एकटा पडूं नये म्हणून मुलांची शिकवणी काहीं दिवस बंद ठेविली, आणि बाकीचा वेळ आजींनीं सांभाळला.

जागेविषयीं थोडक्यांत. गॅलरी नको: दुपारचें ऊन फिरून येतें, आणि पिल्लास घाम गाळून अंग थंड करितां येत नाहीं; धांपा टाकणें हाच त्याचा उपाय, तो कडक उन्हांत अपुरा पडतो. सांखळी तर मुळींच नको. ती गुंतून गळ्यास फांस बसतो. जें कुत्रें नेहमीं बांधून अथवा कोंडून ठेविलें जातें त्यास पुरेसा व्यायाम न देणें हा १९६०च्या कायद्यानें मालकाचा अपराध ठरविलेला आहे, हें फार थोड्या घरीं ठाऊक असतें. पिल्लाचे दुधाचे २८ दांत चौथ्या महिन्याच्या सुमारास पडूं लागतात व सहा-सात महिन्यांपर्यंत कायमचे ४२ येतात. त्या काळांत तें दिसेल तें चावणार. म्हणून विजेच्या तारा, फिनेल, उंदरांचें औषध, पिशव्या व मोजे उचलून ठेवावेत. चॉकलेट, द्राक्षें, मनुका, कांदा व लसूण हे पदार्थ कुत्र्यास विषारी आहेत. कुंडींतील कण्हेरहि तशीच. शिजविलेल्या हाडांचे कपचे आंतड्यांत टोंचतात. पाण्याचें भांडें जड व बसक्या बुडाचें असावें.

आतां मुख्य अडचण. एकांताचें शिक्षण कितीहि उत्तम झालें तरी मूत्राशय व पोट यांची मर्यादा उरतेच. दोन-तीन तासांनीं कोणी तरी दार उघडलेंच पाहिजे. स्वीडन देशांत मोठ्या कुत्र्यासहि दिवसा निदान दर सहा तासांनीं बाहेर नेलें पाहिजे असा सरकारी नियम आहे, आणि पिल्लांस त्याहून अधिक वेळां. आपल्याकडे तसा नियम नाहीं, पण शेजार आहे. आजींनीं स्वतः होऊन एक किल्ली मागून घेतली. साडेदहास व एकास त्या येत, मोतीस जुन्या वर्तमानपत्रावर नेत, जेवूं घालीत आणि अर्धा तास बसत. आम्हीं मोबदल्याची गोष्ट काढली तेव्हां त्या रागावल्या. मात्र त्यांचें बाजारहाट व दवाखान्याच्या खेपा आमच्याकडे आल्या. साडेतीनास मोठा मुलगा येई. त्यानें शिकवणीची वेळ सायंकाळची करून घेतली.

एका स्नेह्यानें सुचविलें, कीं दिवसा पिल्लूं खालीं आवारांत इतर कुत्र्यांत सोडून द्यावें. हें आम्हीं पशुवैद्यांस विचारलें. त्यांनीं सक्त मनाई केली. लसींची मालिका सुमारें १६ आठवड्यांपर्यंत चालते आणि तोंवर आईकडून मिळालेलें संरक्षण ओसरत असतें. अशा वेळीं पार्व्हो नांवाच्या अतिसाराच्या रोगानें दोन-तीन दिवसांत पिल्लें दगावतात. त्याचे जंतु जमिनींत महिनोन्महिने टिकतात. मोतीच्या तीन भावंडांपैकीं दोन त्याच पावसाळ्यांत रक्ताचे ढाळ होऊन गेलीं. आमचीं मुलें त्या दिवशीं जेवलीं नाहींत.

ज्यांच्या शेजारीं आजी नाहींत त्यांनीं काय करावें? मोठ्या शहरांत पैसे घेऊन दिवसा कुत्रीं सांभाळणारे लोक आहेत; खर्च परवडत असेल तर तो मार्ग वाईट नाहीं, फक्त लसी पुऱ्या झालेल्या असाव्यात. तेंहि शक्य नसेल आणि घर आठ-नऊ तास बंद राहत असेल, तर पिल्लूं आणूं नये, असें आम्ही आमच्या अनुभवावरून स्पष्ट सांगतों. दोन-तीन वर्षांचें, शांत स्वभावाचें, निराधार कुत्रें घरीं आणावें. त्यास चार-पांच तास एकटें राहण्याची संवय पिल्लापेक्षां पुष्कळ लवकर लागते, आणि अशीं कुत्रीं घराची वाट पाहत पुष्कळ आहेत. आणावयाचें पिल्लूंच असेल तर तें ८ आठवड्यांहून लहान नसावें. २०१७च्या नियमांप्रमाणें त्याहून लहान पिल्लूं विकण्यास बंदीच आहे. आणि तें सुटीच्या आरंभीं आणावें, पण सुटीच्या पहिल्या दिवसापासूनच त्यास थोडें थोडें एकटें ठेवावें. आम्हीं सुटी घालविली ती मोतीस एकांताची ओळखहि न होऊं देतां.

एक गोष्ट राहिली. पहिल्या आठवड्यांत घरांत घाण दिसली म्हणजे आमचा मोठा मुलगा मोतीस त्या जागीं ओढून नेई व रागें भरे. "पाहा, त्याला कळतं, तो मान खालीं घालतो," असें तो म्हणे. न्यूयॉर्क येथील अलेक्झांड्रा होरोविट्झ या विदुषींनीं २००९ मध्यें याच प्रश्नाचा प्रयोग प्रसिद्ध केला आहे. कुत्र्यानें अपराध केला असो वा नसो, मालक रागावला कीं त्याच्या मुद्रेवर तो "अपराधी" भाव उमटतो असें त्यांस दिसलें. ती मान कबुलीनें नव्हे, आपल्या चढलेल्या आवाजानें खालीं जाते. तासापूर्वींच्या कृत्याचा व आतांच्या रागाचा संबंध पिल्लास जोडतां येत नाहीं. त्यास एवढेंच समजतें, कीं घरचीं माणसें परत आलीं म्हणजे भय असतें. मग तें जाण्यासहि भितें आणि येण्यासहि. हें वाचून दाखविल्यावर मुलगा बराच वेळ गप्प बसला व नंतर स्वतःच फडकें घेऊन आला.

मोती आतां वर्षाहून मोठा आहे. नखें पुन्हां आलीं. एक जरा वांकडें आलें आहे. सकाळीं किल्ल्या वाजल्या म्हणजे तो डोळे उघडतो आणि कूस बदलतो. चार तास तो खुशाल राहतो, त्याहून अधिक आम्हीं अजून ठेविलेला नाहीं. एकाच्या सुमारास आजींच्या काठीचा आवाज जिन्यावर झाला, कीं तो दाराशीं जाऊन बसतो, असें जुना मोबाईल आम्हांस दाखवितो. आजी पुढील महिन्यांत दहा दिवस लेकीकडे नाशिकास जावयाच्या आहेत. त्या दहा दिवसांत एक वाजतां घरीं कोणीं यावयाचें, याचें वेळापत्रक मुलांनीं आतांच तयार करून स्वयंपाकघराच्या भिंतीवर लाविलें आहे. त्यांत आमच्या वांट्यास तीन दिवस आले आहेत.